संप सगळ्यांचा, जोखीम कुणाची?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई जिल्ह्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्याचंच मानधन. वय अडतीस. सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी. दोन्ही झालेलं. दर वर्षी नवी मुलाखत, नवं नियुक्तीपत्र, आणि सत्र संपलं की नेमणूक संपली. मानधन वर्षातून दोन-तीनदा, एकदम येतं. विभागात चार मंजूर पदं आहेत, त्यांतली दोन रिकामी. आता प्राध्यापक संघटनेनं बेमुदत काम बंद आंदोलनाची हाक दिली आहे. मागण्या मान्य झाल्या नाहीत तर परीक्षेच्या कामावरही बहिष्कार टाकायचा विचार आहे. प्राचार्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, "तुम्ही यात पडू नका मॅडम, पुढच्या वर्षीचं बघायचंय ना आपल्याला." कायम सहकारी म्हणतात, "तुमच्यासाठीच लढतोय, आणि तुम्हीच तासाला जाणार?" वर्गातल्या बऱ्याच मुली एसटीनं खेड्यांतून येतात, तिसऱ्या वर्षाला आहेत. ताई विचारतात: "मला संपावर जायचा हक्क तरी आहे का? गेले तर मुलींचं नुकसान, नाही गेले तर गद्दार. गप्प राहिले तर निदान पुढच्या वर्षीचे तास तरी मिळतील. मी काय करू?" ताजा कलम म्हणून त्यांनी लिहिलंय: "परवा एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही पुढच्या वर्षी आहात ना? मी हो म्हणाले."

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही दोनच वाटा मांडल्यात, संप की गद्दारी. मधल्या वाटा आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण आधी तुमच्या एका वाक्यापाशी थांबतो. "गप्प राहिले तर निदान पुढच्या वर्षीचे तास तरी मिळतील." नऊ वर्षं तुम्ही गप्पच होतात. त्या गप्प राहण्यानं तुम्हाला काय मिळालं? दर वर्षी तीच मुलाखत, तेच कागद, तीच धाकधूक. तास मिळाले ते गप्प राहिल्यामुळे मिळाले असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ते मिळाले कारण दोन पदं रिकामी आहेत आणि त्या विषयाचा वर्कलोड कुणीतरी उचलायला हवा. सेट, पीएच.डी. झालेली आणि नऊ वर्षं तोच अभ्यासक्रम शिकवलेली व्यक्ती तुमच्या गावात प्राचार्यांना सहज मिळणार नाही. तुम्हाला त्यांची गरज आहे तशी त्यांनाही तुमची आहे. याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. तो आहे, आणि त्याबद्दल मी गोड बोलणार नाही. पण गप्प राहण्यात सुरक्षितता आहे हे गृहीत तेवढं बाजूला ठेवा.

आता हक्काचं. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नं दिलेला आहे, आणि तो तासिकेवरच्या शिक्षिकेलाही तितकाच आहे. संप हा मात्र मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये सांगितलं; सरकारी कर्मचाऱ्यांबाबत २००३ मध्ये ते आणखी कडक शब्दांत सांगितलं. शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्यातले 'कामगार' नव्हेत, असा १९८८ चा निकाल आहे, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणातला. म्हणजे कारखान्यातल्या कामगाराला संपाच्या वेळी त्या कायद्याचं जे संरक्षण मिळत आलं, ते शिक्षकांच्या वाट्याला आलं नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षेचं काम करणं शिक्षकांवर बंधनकारक आहे आणि ते नाकारणं गैरवर्तन ठरू शकतं. तेव्हा वर्ग बंद ठेवणं आणि परीक्षेवर बहिष्कार टाकणं या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. संघटनेच्या सभेत त्या एका दमात उच्चारल्या जातात. तुम्ही त्या वेगळ्या धरा.

मी शिक्षकाचा मुलगा आहे. १९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा चौपन्न दिवसांचा संप झाला, त्यात वडील होते. केंद्राच्या दरानं महागाई भत्ता मिळावा ही मागणी होती. मी तेव्हा तिसरीत होतो. घरात दूध निम्म्यावर आलं होतं आणि वाणी उधारी लिहून घेत होता, कारण गल्लीतली सगळीच बिऱ्हाडं संपावर होती. वाणी तरी कुणाकुणाला नाही म्हणणार? त्या दिवसांची आठवण आमच्या घरात अभिमानानं काढली जायची. एक गोष्ट मात्र वडील फार उशिरा बोलले. त्यांच्या शाळेत एक तात्पुरते शिक्षक होते. तेही संपात उतरले, सगळ्यांच्या बरोबरीनं मोर्चात चालले. संप मिटला, कायम शिक्षक रुजू झाले. जूनमध्ये त्या गुरुजींना परत बोलावलंच नाही. कुणी विचारलंही नाही. वडील म्हणाले, "आम्ही बारा जण होतो. बारा जणांनी हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन नुसतं विचारलं असतं, तरी त्यांना घ्यावं लागलं असतं. आम्ही गेलो नाही." ते ऐंशीच्या पुढं होते हे बोलताना.

ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला सांगितली नाही. तुमच्या पत्राचं उत्तर मला तिच्यातच दिसतं. संपावर जावं का, हा प्रश्न तुम्ही एकटीनं घरी बसून सोडवायचा नाहीच मुळी. त्यातला निम्मा प्रश्न तुमच्या कायम सहकाऱ्यांचा आहे. "तुमच्यासाठीच लढतोय" असं ते म्हणतात ना? मग तुमच्यासाठी ते काय करणार, हे आधी ठरू द्या.

कारण तुमचा संप आणि त्यांचा संप एक नाही. कायम प्राध्यापकाचा पगार रोखला गेला तर त्यासाठी पुढं भांडता येतं. २०१३ मध्ये एमफुक्टोनं, म्हणजे प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघानं, फेब्रुवारीपासून मेपर्यंत परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या शिक्षकांचा प्रश्न, या त्यातल्या मोठ्या मागण्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निकाल लांबतील म्हणून लाखो विद्यार्थी आणि पालक टांगणीला लागले, आणि बहिष्कार टाकणाऱ्यांचा पगार रोखला गेला. रोखलेल्या ७१ दिवसांच्या पगाराची मागणी सप्टेंबर २०१८ च्या बेमुदत संपातही होती. पाच वर्षांनंतर का होईना, मागायला जागा होती. तुमचा तास झाला नाही तर तो तास कुठल्याच हिशोबात उरत नाही. तासिकेवरच्या माणसाला थकबाकी नसते, सेवाज्येष्ठता नसते, निलंबनही नसतं. पुढच्या वर्षी यादीत नाव नसतं, एवढंच. न काढताही काढून टाकता येतं.

म्हणून सभेला जा. जरूर जा. आणि उभं राहून विचारा: समझोता होईल तेव्हा त्यात "आंदोलनात भाग घेतलेल्या कुणाचीही, तासिका तत्त्वावरील शिक्षकांसह, पुढची नेमणूक नाकारली जाणार नाही" हे कलम पहिलं असेल की शेवटचं? शेवटचं असेल तर ते पहाटे तीनच्या वाटाघाटीत गळतं. तासिकावाल्यांच्या बुडालेल्या तासांसाठी कायम प्राध्यापक दर महिना काही रक्कम बाजूला काढणार आहेत का? आणि तुमच्याच महाविद्यालयातले कायम प्राध्यापक एका कागदावर सही करतील का, की तुम्हाला वगळून नेमणुका झाल्या तर ते सगळे मिळून प्राचार्यांकडे जातील? हे विचारताना ओशाळू नका. ज्याचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, त्याच्याकडे तुम्ही दान मागत नाही आहात. एकाच मोर्चात चालणाऱ्यांनी ओझं वाटून घ्यावं, एवढंच म्हणणं आहे.

उत्तर "हो" आलं आणि कागदावर आलं, तर मी तुमच्या जागी काम बंद आंदोलनात उतरेन. उत्तर गोलगोल आलं, तर उतरणार नाही, आणि त्याबद्दल स्वतःला गद्दारही म्हणणार नाही.

पण न उतरण्यालाही एक मर्यादा आहे. कायम प्राध्यापक बाहेर बसले की प्राचार्य हमखास तासिकावाल्यांकडे वळतात. "मॅडम, शिंदे सरांचे दोन तास तेवढे घ्या", "पर्यवेक्षणाला माणूस नाही, या जरा." हे करू नका. स्वतःचे तास घेणं आणि दुसऱ्याचा संप मोडायला हात देणं, यांत फार अंतर आहे. त्यासाठी भांडावंही लागत नाही. कुठलंही जादा काम तोंडी सांगितलं की शांतपणे म्हणायचं, "सर, लेखी आदेश द्या आणि त्याचं मानधन काय ते त्यात लिहा." निम्मी कामं तिथंच थांबतात. तुमचे तास घेऊन, उरलेल्या वेळात तुम्ही धरण्यावर बसू शकता, निवेदनावर सही करू शकता, दंडाला काळी फीत लावून वर्गात जाऊ शकता. हा पळपुटेपणा नाही. तुमच्या परिस्थितीत दंडावरची फीतही जोखमीचीच आहे, आणि ती प्राचार्यांना दिसते.

परीक्षेवरच्या बहिष्काराबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ते कुणाला आवडो न आवडो. तासिकेवरच्या शिक्षकांनी त्यात पडू नये. बुडालेला तास रविवारी भरून काढता येतो. लांबलेला निकाल भरून काढता येत नाही, बी.एड.चा प्रवेश जातो, नोकरीच्या अर्जाची तारीख जाते. ज्या मुलीचं घर "आता पुरे झालं शिक्षण, स्थळ आलंय" म्हणायला टपलेलं आहे, तिला दोन महिन्यांचा उशीर पुरतो. अंतर्गत गुण तर आंदोलन सुरू व्हायच्या आधीच भरून टाका. कायम प्राध्यापकांनी काय करावं, हा त्यांच्या विवेकाचा भाग. पण कायद्यानं बंधनकारक केलेलं काम नाकारण्याची झळ ज्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बसणार, त्याला त्यात पुढं ढकलू नये, असं मला वाटतं.

आता मुलींच्या नुकसानाबद्दल. तुम्ही लिहिलंय, संपावर गेले तर मुलींचं नुकसान. त्यांचं नुकसान संपाच्या पहिल्या दिवशी सुरू होत नाही, ताई. ते दोन पदं रिकामी राहिली तेव्हाच सुरू झालं. तुमची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते. तोवर तुमचा विषय कोण शिकवतं? आठवड्याला नऊ तास पोटासाठी पुरत नाहीत म्हणून तुम्ही दुसऱ्या महाविद्यालयातही जाता, असं पत्रात ओझरतं आलंय. म्हणजे तास संपला की एसटी गाठायची. ज्या मुलीला तासानंतर काही विचारायचं असतं, ती कुणाला विचारते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत म्हटलंय की कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. तुमच्या विभागात निम्मी पदं रिकामी. आयोगानं जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचवला. तुमच्या हातात पडणारे पैसे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता दिली, तेव्हा तुमच्यासारख्या हजारोंनी पुन्हा फायली बाहेर काढल्या. खासगी संस्थांमध्ये कायम पदासाठी कानात काय आकडे सांगितले जातात, ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि मीही लिहीत नाही. वाचणाऱ्यांना ते पाठ आहेत.

हे मुलींना माहीत असायला हवं. तुमच्या बाजूनं घोषणा द्यायला त्यांना लावू नका, ते अयोग्य आहे. पण वर्गात, तुमच्या तोंडून, पाच मिनिटांत सांगा: या तारखेपासून असं होणार आहे, अभ्यासक्रमातला एवढा भाग राहिला आहे, तो मी अमुक दिवसांत पूर्ण करीन. खेड्यातून येणाऱ्या मुलीला आंदोलनाचा राग येत नाही. पहाटे उठून, तिकिटाचे पैसे खर्चून यायचं आणि फाटकाला कुलूप पाहून परत जायचं, याचा येतो.

थोडं कागदांबद्दल, आणि हे तासिकेवर शिकवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, संप असो वा नसो. नऊ वर्षांची नियुक्तीपत्रं, विद्यापीठाची मान्यतापत्रं, वेळापत्रकं, परीक्षेच्या कामाचे आदेश, बँकेत मानधन जमा झाल्याच्या नोंदी, हे सगळं वर्षवार एका फायलीत लावा. मूळ प्रती घरी, झेरॉक्स दुसऱ्या कुणाकडे. अनुभव प्रमाणपत्र आजच मागा. आंदोलन पेटल्यावर लिपिक "साहेब सहीला नाहीत" म्हणतो आणि ते खरंही असतं. उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका: आमच्या महाविद्यालयात विषयवार मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, तासिका तत्त्वावर किती तास मंजूर. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या नावानं नको वाटत असेल तर भावाच्या नावानं टाका. माहिती कुठलाही नागरिक मागू शकतो. हा कागद सभेत दहा भाषणांपेक्षा जड असतो.

कोर्टाची वाटही डोळ्यांपुढं असू द्या. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्या, असा निकाल आला. समारंभांत 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' म्हणणं पुरेसं नाही, देश शिक्षकांना वागवतो कसं त्यात ते दिसलं पाहिजे, या अर्थाचे शब्द त्या निकालपत्रात आहेत. ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. पण सावध राहा: ते पूर्णवेळ कंत्राटी होते, तुम्ही तासावर आहात, त्यामुळे तो निकाल उचलून तुमच्या प्रकरणाला तसाच लावता येत नाही. जिल्ह्यातल्या तासिकावाल्यांनी मिळून, सेवाविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाला फायलीसह भेटा. एकटीनं वकील करू नका. खर्चासाठीही आणि नावासाठीही. याचिकेवर चाळीस नावं असली की एकाला वेगळं काढणं अवघड जातं.

घरचा हिशोबही करा, आजच रात्री. पुढचं सत्र पूर्ण बुडालं तर किती महिने निघतील? तीनच्या आत उत्तर आलं, तर काम बंदमध्ये उतरण्याआधी दुसऱ्या महाविद्यालयातले तास किंवा अन्य काही काम पक्कं करा. घरी नवऱ्याशी बोलताना "संपावर जाऊ का" असं विचारू नका. आकडे पुढ्यात ठेवून बोला. मत मागितलं की माणूस घाबरून नाही म्हणतो. आकडे पाहिले की वाट शोधायला लागतो.

आणि ज्या कायम प्राध्यापकांनी हे इथवर वाचलं असेल, त्यांना एक विनंती. तुमच्या स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणारी, हजेरीपटात नाव नसलेली जी बाई किंवा जो मुलगा आहे, त्याला संपाला बोलावण्याआधी प्राचार्यांच्या खोलीत जा. माझ्या वडिलांना ते जमलं नाही. त्या बारा जणांपैकी आता कुणी राहिलेलं नाही.

ताई, तुमचा ताजा कलम मनातून जात नाही. त्या मुलीनं विचारलं, तुम्ही पुढच्या वर्षी आहात ना, आणि तुम्ही हो म्हणालात. मायेनं म्हणालात, ते कळतं. पण उद्या ती भेटली की तिला खरं सांगा. "मला माहीत नाही. दर वर्षी मला नव्यानं विचारतात, आणि ते का, हे तुला समजावं असं मला वाटतं." ती वीस वर्षांची आहे. तिला समजेल. कदाचित तिचाही शिकवण्याकडे ओढा असेल, आणि मग हे तिनं तुमच्याकडूनच ऐकलेलं बरं.

सभा झाली की काय उत्तर मिळालं ते कळवा. मी वाट पाहतोय.